चाकू एक, नग तीन

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
रविवार, ता. १४ नोव्हेंबर १९७६

तीर्थरूप सिद्धप्पामामा यांना भाची महानंदाचा नमस्कार.

तुम्ही पत्र दुकानात उभ्याने वाचता आणि मध्येच ट्रकवाला पार्ट मागायला आला की बाजूला ठेवता, असे मामींनी सांगितले आहे. म्हणून घडले ते आधी क्रमाने देते. ट्रकवाला आलाच तर एवढे पुरे.

१. रविवार, ता. ३ ऑक्टोबर. मला एका चाकूची गरज निर्माण झाली.
२. ता. १०. बाजारात अकरा चाकू पाहिले. एकही घेतला नाही.
३. ता. १७. होटगी रस्त्यावरच्या लोहारांकडे चाकू घडवायला दिला. सोबत ड्रॉइंग दिले.
४. ता. ३१. तीन वस्तू मिळाल्या. त्यांपैकी एक चाकू होता.
५. दुसरी वस्तू अव्वाने (म्हणजे तुमच्या बहिणीने) ठेवून घेतली. तिसरी अप्पांच्या दुकानात आहे.
६. ता. ७ नोव्हेंबर. चाकू चाचणीत उतरला.
७. अप्पांची परवानगी अजून मिळालेली नाही.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यावर तुम्ही माळ्यावरचे सामान खाली न आणता स्वतःची गादीच वर नेलीत, असे कळले. (फेऱ्या कमी होतात, हे गणित बरोबर आहे. मी अव्वाला तसे सांगितले. तिला पटले नाही.) ईरम्मामामींचा नवा चष्मा आला का? आमच्याकडे सगळे ठीक. थंडी सुरू झाल्यापासून अव्वाची कंबर बोलते आहे आणि अप्पा बोलत नाहीत, म्हणजे दोघेही नेहमीप्रमाणे आहेत.

आता सविस्तर. पुण्यातल्या एका गिर्यारोहण संस्थेने फक्त मुलींसाठी पंधरा दिवसांचे शिबिर ठेवले आहे. ५ डिसेंबरपासून, भंडारदऱ्याच्या बाजूला डोंगरात. दोर बांधणे, कडा चढणे आणि उतरणे, नकाशा वाचणे, रानात मुक्काम करणे असे सगळे शिकवणार आहेत. ते पत्रक आमच्या गिरणीच्या सूचनाफलकावर लागले होते. (खाली कोणीतरी पेन्सिलीने 'आणि स्वयंपाक कोण करणार' असे लिहिले होते. अक्षर स्टोअर्समधल्या एका गृहस्थांचे होते. मी अक्षर ओळखते. दिवसभर तेच बघण्याचा मला पगार मिळतो.) मी अर्ज केला आणि निवड झाली. आता फॉर्मवर पालकांची सही हवी आणि तो फॉर्म २५ नोव्हेंबरपर्यंत पुण्याला पोचायला हवा. मी चोवीस वर्षांची आहे, गेली तीन वर्षे गिरणीच्या वर्कशॉपमध्ये ज्युनियर ड्राफ्ट्समन आहे (पदाचे नाव तेच आहे, मी बदलून मागितले नाही), पण फॉर्मला त्याचे काही नाही. मुलगी अविवाहित असेल तर पालकांची सही, असे त्यात छापलेले आहे. मला या शिबिराला जायचे आहे. हे वाक्य मी मुद्दाम कारणांशिवाय लिहिते, कारण आपल्या घरात कारण दिले की चर्चा कारणावर होते आणि जाणे बाजूला राहते.

निवडीच्या पत्रासोबत सामानाची सतरा कलमांची यादी आली. अप्पांनी ती दुकानातली आवक तपासावी तशी वरून खाली बोट फिरवत तपासली. पहिले कलम 'जाड चादरी दोन' असे होते. ते वाचून त्यांना हसू आले. सोलापूरच्या माणसाला चादर आहे का म्हणून विचारणे, हा त्यांना पुणेकरांचा भोळेपणा वाटला. अकराव्या कलमावर बोट थांबले. तिथे लिहिले होते: 'रानात वापरण्याचा चाकू, एक. न मिटणारा. पाते चार इंच, मुठीच्या शेवटापर्यंत अखंड. हाताने घडवलेला असल्यास उत्तम. म्यानासह.' अप्पांचा चेहरा सैल झाला. यादी माझ्याकडे परत देत ते म्हणाले, "सतराच्या सतरा आण. मग सहीचं बघू." सोळावर काम अडेल अशी त्यांना खात्री होती. ते अडावे असे त्यांना वाटत होते, असे मी म्हणत नाही. पण त्या दिवशी जेवताना त्यांनी दोनदा ताक मागून घेतले.

आपल्या घरात चाकूच नाही, हे तोवर माझ्या लक्षात आले नव्हते. चोवीस वर्षे सगळे विळीवर चिरले गेले आहे. मी अव्वाला चाकू हवा म्हणून सांगितले तेव्हा ती घेवडा चिरत होती. ती विळीवरून उठली नाही, पण थांबली, आणि म्हणाली, "विळीचं कसं, पातं एका जागी बसलेलं असतं, बाई एका जागी बसलेली असते, भाजी तेवढी हलते. चाकूत सगळंच फिरत राहतं." मला हा चाकूविरुद्धचा सर्वांत पद्धतशीर आक्षेप वाटला. शेजारच्या निंगव्वाकाकूंचा आक्षेप वेगळा होता. त्यांनी अव्वाला बाजूला घेऊन विचारले की पोरगी गिरणीत कुणाच्या संगतीने मटण वगैरे खायला लागली आहे का. अव्वाने सांगितले, नाही, डोंगरावर जाणार आहे. निंगव्वाकाकू म्हणाल्या, "मग खाईल की तिकडं." (त्या दिवसापासून त्या मला रोज जेवलीस का म्हणून विचारतात आणि उत्तर ऐकताना माझ्या हातांकडे बघतात.)

पुढच्या रविवारी मी सहा रकाने आखलेली वही घेऊन बाजारात गेले. पात्याची लांबी, पाठीची जाडी, पाते मुठीत कुठवर गेले आहे, पोलाद, मूठ आणि म्यान. पहिल्या दुकानात 'चार इंची, न मिटणारा चाकू दाखवा' म्हटल्याबरोबर दुकानदाराने आवाज खाली आणला. "ताई, भांडण कुणासंगं हाय? आदी मिटवून बघा की." मी लाकूड तासायचे आहे असे सांगितले. तो म्हणाला, "समदे तसंच म्हनत्यात." दुसऱ्या दुकानात एक मोठा दिमाखदार चाकू होता, त्याच्या मुठीच्या टोपणात होकायंत्र बसवलेले. दुकानदार म्हणाला, जंगलात हरवलात तरी चिंता नाही. मी तो हातात घेऊन दुकानातच चारही बाजूंना वळून पाहिले. सुई दर वेळी पात्याकडेच तोंड करून उभी, कारण पाते पोलादाचे आणि सुईला तेच जवळ. त्या चाकूच्या मते उत्तर दिशा म्हणजे तो स्वतः. (अशी माणसे आमच्या वर्कशॉपमध्ये दोन आहेत.) बाकीच्यांची पाती मुठीत जेमतेम एक इंच शिरलेली होती. असा चाकू भाजीला चालतो; लाकडात रुतवून पिळला की मूठ आपल्या हातात राहते आणि पाते लाकडाकडे. चौथ्या दुकानात मी मूठ काढून दाखवता का म्हणून विचारले तेव्हा दुकान बंद व्हायची वेळ झाल्याचे कळले. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. शेतीच्या अवजारांच्या दुकानात झाडांची कलमे करण्याचा चाकू मिळाला, पोलाद पहिल्या दर्जाचे, पण तो मिटणारा निघाला. सगळ्यांत चांगले पाते मी त्या दिवशी पाहिले ते स्टेशनाजवळच्या चांभाराच्या रापीचे, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराचे. पण रापीला टोक नसते, आणि तो ती विकत नव्हता. तिचे माप तेवढे वहीत आहे.

तेव्हा घडवून घ्यायचे ठरवले. गिरणीच्या जुन्या ट्रकच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एक तुटका पाटा भंगारात पडला होता. तो रीतसर गेटपास करून आणला. ('लोखंडी तुकडा, नग १, कारण वैयक्तिक.' पहारेकऱ्याने 'वैयक्तिक' वाचून मला पुन्हा एकदा पाहून घेतले.) तुमच्या दुकानात असे पाटे ढिगाने असतील हे मला माहीत आहे. पण मागितला असता तर तुम्ही कशाला म्हणून विचारले असते आणि तेव्हा माझी उत्तराची तयारी नव्हती. मग चार संध्याकाळी बसून ड्रॉइंग केले. शाईने, तिन्ही बाजूंनी, मापे इंच आणि सुतांत (आठ सुतांचा एक इंच), कारण लोहार सुतांत बोलतात हे मला माहीत होते. तेवढे माहीत होते म्हणून बाकीचेही माहीत आहे, असे मी धरले.

(इथे तुमच्यासाठी खुलासा. आमच्या धंद्यात कोणतीही वस्तू तीनदा काढतात. एकदा समोरून, एकदा वरून पाहिल्यासारखी आणि एकदा टोकाकडून. चाकू समोरून चाकूसारखाच दिसतो. वरून पाहिला तर त्याची नुसती पाठ दिसते, म्हणजे जाड मुठीचा एक लांब सुळा. आणि पाते टोकाकडून पाहिले तर पाचरीसारखा निमुळता त्रिकोण. ही तीन चित्रे शेजारी शेजारी काढायची आणि बघणाऱ्याने डोक्यात त्यांची एक वस्तू करायची, अशी पद्धत आहे. ती जगभर चालते. होटगी रस्ता जगातच येतो, असा माझा समज होता.)

होटगी रस्त्याच्या कडेला घिसाडी लोहारांची चार पाले उतरली आहेत. त्यांतल्या पहिल्या पालात महिपती ऐरणीवर तापलेले लोखंड धरतात आणि त्यांची बायको बजाबाई घण मारतात. घण ज्याच्या हातात, शब्द त्याचा, हे मला तिथे दहा मिनिटांत दिसले. महिपतींनी पाटा वाजवून पाहिला, ऐकला आणि मान हलवली. मग कागद घेतला. तो सरळ धरला, उलटा धरला, आडवा धरला. शेवटी म्हणाले, "ह्ये तिन्ही?"

मी म्हणाले, "हो, तिन्ही. एक जरी सोडलं तरी काम चुकेल."

"येकाच पाट्यातनं?"

"एकाच."

ते पुन्हा कागदात बघत राहिले आणि म्हणाले, "व्हईल. पाटा पुरतोय." मला फार बरे वाटले. आमच्या पॉलिटेक्निकमध्ये तीन बाजूंची एक वस्तू करायला मुलांना अर्धे वर्ष लागते, आणि इथे या माणसाने पाच मिनिटांत मान हलवली होती. घरी येताना मी मनात शिक्षणपद्धतीवर टीकाही केली.

बजाबाईंनी कागद एकदाच पाहिला. मुठीच्या मापावर काळे बोट टेकवून त्यांनी विचारले, "ह्यो हात कुनाचा?" मी सांगितले, कुणाचा नाही, प्रमाण माप आहे, पुस्तकातून घेतले आहे. त्या म्हणाल्या, "मंग चाकू पुस्तकालाच दे की." त्यांनी एका काडीभोवती ओली माती थापली, माझ्या हातात दिली आणि सांगितले, "दाब. लाकूड सोलायलीस असं समजून दाब. बांगड्या भरायला आल्यावानी नको." मी दाबले. मातीत चार बोटे आणि तळवा उमटला. ती माती त्यांनी उन्हात ठेवली आणि माझ्या ड्रॉइंगमधली साडेचार इंची मूठ चार इंचांना दोन सूत कमी झाली. गिरणीत एक माप बदलायला तीन सह्या लागतात. इथे एक गोळा लागला. (नंतर मी पुस्तक उघडून पाहिले. ते माप पुरुषाच्या हाताचे होते. खाली बारीक अक्षरात तसे दिलेलेही होते.)

मधला रविवार दिवाळीत गेला. एकतीस तारखेला मी पालावर पोचले तेव्हा पोत्यावर तीन वस्तू ओळीने मांडून ठेवल्या होत्या. पहिली चाकू. दुसरी पावणेआठ इंच लांब टोकदार सुळा, त्याला माझ्याच मातीच्या ठशावरून केलेली बाभळीची मूठ. तिसरी पोलादी पाचर, वर जाड, खाली धारेला येणारी, बोटाहून आखूड. मी खाली बसले, पिशवीतून व्हर्नियर काढले आणि तिन्ही मोजले. मुठी सोडल्या तर प्रत्येक माप माझ्या ड्रॉइंगप्रमाणे होते. इतके बरोबर काम आमच्या वर्कशॉपमधून आले तर फोरमन पेढे मागवतील. तक्रार करायला मला एक सूतभरही जागा उरलेली नव्हती.

महिपती जरा संकोचून म्हणाले, "तिसऱ्याची लांबी तुमी लिवलीच न्हाय, ताई. म्हून हिनं दोन पेरं धरली."

ते खरे होते. टोकाकडून पाहिलेल्या वस्तूला लांबी लिहायची नसते. पण वस्तू करायची तर ती लागते. मी समजावून सांगायला लागले की ही तीन नाहीत, हा एकच चाकू आहे, तीन बाजूंनी पाहिलेला. बजाबाईंनी घण खाली टेकवला आणि पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "येकच हाय तर तीनदा कशाला काडलास? आमी येकदा बगतो आन् करतो."

"दुसरं करताना तुम्हाला विचारावंसं नाही वाटलं, हे कशाला म्हणून?"

"वाटलं की. ह्यो म्हनला, इचारू. म्या म्हनलं, शाळंतली बाई हाय, डोंगराला निगालीया, लागत आसंल कायतरी. शिकल्याली मानसं काय काय वापरत्यात, आपुन कुटं बगितलंय?" आणि मग नवऱ्याकडे बघून, "मापं बरुबर हायती का, ते इचार तिला." मी हो म्हणाले. "मंग तोंड का पाडलीयास?"

तोंड मी पाडलेले नव्हते, विचार करत होते, पण ते दोन्ही माझ्याकडे सारखेच दिसते असे घरचेही सांगतात. मी तिन्हींची मजुरी दिली. महिपती दोन वस्तूंची घेईनात, बजाबाईंनी घेतली. चाकू मात्र त्यांनी माझ्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला आणि म्हणाल्या, "उचल. धारंचं लोखंड हातातनं हातात दिलं की भांडान हुतंय." मी उचलला. मामा, मी सात वर्षे कंपास, कानशी आणि मापकाठ्या हाताळते आहे. एखादी वस्तू हातात घेतल्यावर बोटे कुठे ठेवायची हा प्रश्नच पडला नाही, असे पहिल्यांदाच झाले. याहून जास्त मी त्यावर लिहिणार नाही.

घरी आल्यावर अव्वाने चाकूकडे पाहिलेही नाही. तिने सुळा उचलला, स्वयंपाकघरात गेली आणि गुळाच्या ढेपेत खुपसून पिळला. गेल्या संक्रांतीपासून जी ढेप ती वरवंट्याने फोडत होती ती दोन पिळांत उकलली. ती बाहेर येऊन म्हणाली, "हे चांगलं केलं बघ त्यांनी. तुझ्या त्या चाकूपेक्षा." तेव्हापासून सुळा फडताळात आहे आणि निंगव्वाकाकू रोज गूळ फोडायचे निमित्त काढून येतात. पाचर दोन दिवस माझ्या टेबलावर होती, मग दिसेनाशी झाली. शोधता शोधता ती अप्पांच्या दुकानात, त्यांच्या लिहायच्या मेजाच्या मागच्या पायाखाली सापडली. ते मेज गेली अकरा वर्षे हलत होते आणि अप्पा पुठ्ठ्याच्या घड्या घालून थकले होते. मी ती तिथेच राहू दिली. मेज हलत नाही.

म्यानासाठी यंत्राच्या जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा मिळवला आणि तो त्याच रापीवाल्या चांभाराकडून शिवून घेतला. मग गेल्या रविवारी गच्चीवर चाचणी घेतली. धारेवर कानस घासून पाहिली, ती घसरली. म्हणजे लोहार ज्याला पाणी देणे म्हणतात, तापले पाते बुडवून कडक करणे, ते नीट झाले आहे. सुती दोर चाळीस वेळा कापला. धार पुढेही चालली असती, दोर संपला. बाभळीच्या फांदीवर पाते ठेवून पाठीवर लाकडाने ठोकले, फांदी उभी चिरली, पात्याला ओरखडा नाही. तंबूच्या बारा खुंट्या तासल्या. दोष एकच निघाला. पाते मधल्या रेषेपासून अर्धा मिलिमीटर डावीकडे आहे. तो वहीत लिहिला आणि कुणाला सांगितला नाही. तो बजाबाईंपर्यंत जावा असे मला वाटत नाही.

ठोकण्याचा आवाज ऐकून अप्पा गच्चीवर आले. त्यांनी ओळीत मांडलेल्या बारा खुंट्या पाहिल्या, दोराचे तुकडे पाहिले, मग चाकू मागितला. मी तो जमिनीवर ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, चाकू उचलला, कानामागची पेन्सिल काढली आणि तासली. सालपट अखंड, एका गोल पिळात निघाले. ते त्यांनी तळहातावर घेऊन बघितले. मग म्हणाले, "बरा आहे." (अप्पांकडे याच्या वरचा शब्द नाही. उत्तमातल्या उत्तम तूरडाळीलाही ते नुसती 'बरी' म्हणतात.) दुसऱ्या दिवशी चाकू दुकानात गेला आणि संध्याकाळी परत आला, दुकानातल्या सगळ्या पेन्सिलींना टोके होती, ज्या वापरत नाहीत त्यांनाही. तेव्हापासून तो रोज सकाळी जातो आणि संध्याकाळी परत येतो. माझ्यापेक्षा नियमित.

तर अशी हकिगत आहे. सतरा कलमे पुरी झाली, पिशवी भरून कोपऱ्यात उभी आहे, फॉर्म अप्पांच्या मेजावर आहे आणि सहीची जागा कोरी आहे. अप्पा विचार करत आहेत. मला तुमच्याकडून काही नको. केवळ कळावे म्हणून लिहिले. मामींना नमस्कार, गुडघ्याला जपावे.

तुमची भाची,
महानंदा

ता. क. मामींना गूळ फोडायला तसा सुळा हवा असल्यास कळवावे. ड्रॉइंग तयार आहे. या वेळी एकच बाजू देईन.

दुसरा ता. क. वर 'काही नको' असे लिहिले आहे ते बरोबर नाही. काल संध्याकाळी मी अप्पांना सहीचे विचारले. ते म्हणाले, "यादी झाली, ते खरं. पण टेंभुर्णीला एक कार्ड टाकतो. सिद्धप्पा काय म्हणतो बघू." कार्ड आज पेटीत पडले आहे. या पत्रामागोमाग तुम्हाला मिळेल.

अव्वाकडे विचारपूस करून आणि स्वतः आठवून मी पुढील नोंदी काढल्या आहेत. १९५८ साली तुम्ही अप्पांना सांगितलेत की गटारीशेजारी दुकान घेऊ नका; त्यांनी तेच घेतले. १९६४ साली तुम्ही म्हणालात की रेडिओ म्हणजे उधळपट्टी. चार दिवसांत रेडिओ आला. १९६९ साली मी अकरावी झाल्यावर तुम्ही आमच्या सोप्यात बसून म्हणालात की पोरीला मास्तरीण करा, यंत्रांशी तिचे काय काम. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पॉलिटेक्निकचे फाटक उघडायच्या आधी फाटकाबाहेर उभे होते. मधल्या लहानसहान गोष्टी धरून अठरा वर्षांत चौदा सल्ले झाले, आणि चौदाही वेळा अप्पांनी नेमके उलट केले. इतके सातत्य मी कोणत्याही यंत्रात पाहिलेले नाही.

म्हणून अप्पांचे कार्ड आले की कृपा करून कडक विरोधाचे पत्र लिहावे. पाठिंबा देण्याचा मोह झाल्यास आवरावा. मुलीने डोंगरात राहणे शोभत नाही, असे एकदा लिहावे, दोनदा नको. अप्पांना संशय येईल. चाकूबद्दल मात्र अवश्य लिहावे. रस्त्याकडेच्या लोहाराने घडवलेला चाकू काय कामाचा, असे काहीतरी. ते त्यांना फार लागेल. मजकूर मी लिहून पाठवला असता, पण माझी वाक्ये अप्पा ओळखतात.

१९६९ सालचा तुमचा विरोध मनापासूनचा होता की जाणूनबुजून केलेला, हे मी कधी विचारले नाही. आताही विचारत नाही. माझी नोकरी त्या विरोधावर उभी आहे, एवढे फक्त इथे नोंदवून ठेवते.

पत्र अप्पांच्या हाती शनिवार, ता. २० नोव्हेंबरपर्यंत पडावे. ते टाकल्याचे मला गिरणीच्या पत्त्यावर एका कार्डाने त्याच तारखेपर्यंत कळवावे.